सगळं पॅकेजमध्ये आहे, पण तुझी सुट्टी आहे का त्यात?

पत्र असं आलंय (थोडं छोटं करून देतेय):

"ताई नमस्कार, मी इंदिरानगरला राहते. घरात आम्ही सहा जण. मी, नवरा, मुलगी 11 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा आणि सासू-सासरे. बाबा नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून, म्हणजे प्रेसमधून रिटायर झालेत, 72 चे आहेत, आई 67 च्या. यंदा त्यांच्या लग्नाला 45 वर्षं होतायत. पुढच्या वर्षी सिंहस्थ, गावाकडचे सगळे आमच्याकडेच उतरणार, म्हणून जे काय करायचं ते यंदाच दिवाळीच्या सुट्टीत असं ठरलंय. नवऱ्याच्या डोक्यात समुद्रावरचं मोठं ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट आहे, पाच रात्री, मॉरिशस नाहीतर मालदीव. तो म्हणतो एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही. बाबा म्हणतात आपल्यात कोणी पीत नाही (नवरा कधीतरी बिअर घेतो तेवढंच) मग दारूचे पैसे कशाला भरायचे. आई माळकरी आहेत, त्या म्हणतात पाच दिवस एका जागी कोंडून घेऊन काय करायचं, आणि मासे-मटणाच्या शेजारून वाढून घ्यायचं होय. कॉलेज रोडच्या एजंटचा रोज मला फोन येतो. खरं सांगू का ताई, कुठे जायचं याच्याशी मला काही देणंघेणं नाहीये, पाच दिवस कोणी मला 'आज जेवायला काय' एवढं विचारू नये बस. पण भीती वाटते की तिथे जाऊन पण मीच सगळ्यांच्या मागे पळत असेन. काय करू?"

अगं, तुझं पत्र वाचलं आणि शेवटच्या दोन ओळींपाशीच थांबले. मॉरिशस की मालदीव, ऑल इन्क्लुझिव्ह घ्यायचं की नाही, या सगळ्याचं उत्तर मला तिथेच दिसतंय. रिसॉर्टवाले बुफे, दारू, कायाक, रात्रीचा शो असं सगळं मोजून दाखवतात पण ज्याच्यासाठी खरे पैसे द्यायचे असतात ते कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं, ते म्हणजे पाच दिवस घरातल्या कोणालाच काही ठरवावं लागत नाही. आणि तुमच्या घरात ते ठरवणं तू करतेस. म्हणून पैसे वसूल झाले का हे कोणी किती खाल्लं यावर बघू नकोस, तुला ताटावरून किती वेळा उठावं लागलं यावर बघ.

मी हे अनुभवातून सांगतेय. काही वर्षांपूर्वी आम्ही आईला घेऊन असंच एका मोठ्या बीच रिसॉर्टला गेलो होतो, पहिल्यांदाच, आणि पहिले दोन दिवस मी घरी करते तेच तिथे केलं. मुलांच्या प्लेट भरायच्या, आईला काय चालेल ते सहा काउंटर फिरून शोधायचं, टॉवेल मोजायचे, स्विमिंग पूलवरून ओरडायचं की अरे जेवणाची वेळ संपतेय चला. पैसे भरलेत ना, मग काही सुटायला नको, हेच सतत डोक्यात. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा घेतला आणि रिकामा कप हातात धरून ती उठली, मी विचारलं कुठे चाललीस, तर म्हणाली बेसिन कुठेय, कप विसळून ठेवते. सत्तरीतली बाई, आयुष्यात पहिल्यांदा कप आहे तिथे ठेवून उठायचं होतं आणि तिला ते जमत नव्हतं. मी तिला खाली बसवलं आणि त्या दिवशी कुठेच गेलो नाही, दोघी सावलीत खुर्च्या टाकून जेवणापर्यंत नुसत्या बोलत बसलो. त्या अख्ख्या ट्रिपमधलं मला तेवढंच नीट आठवतंय, बाकी सगळी पळापळ.

आता बाबांचा प्रश्न, तो अगदी बरोबर आहे आणि त्याला हिशोबानेच उत्तर द्यायला हवं. या हॉटेलांचे साधारण चार प्रकारचे रेट असतात. नुसता ब्रेकफास्ट, मग हाफ बोर्ड म्हणजे ब्रेकफास्ट आणि रात्रीचं जेवण, फुल बोर्ड म्हणजे तिन्ही वेळचं खाणं पण पिण्याचं वेगळं (यात बाटलीतल्या पाण्याचेही पैसे लागू शकतात हे लक्षात ठेव), आणि ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे खाणं, चहा-कॉफी, ज्यूस, मधल्या वेळचं, दारू सगळं धरून. एजंट बहुतेक फक्त शेवटचा रेट सांगतो. त्याला सांगायचं की त्याच हॉटेलचे, त्याच तारखांचे हाफ बोर्ड आणि ऑल इन्क्लुझिव्ह असे दोन्ही रेट लिहून दे. मधला फरक काढा, पाच दिवसांनी भागा, आणि मग बघा की त्या पैशात सहा जणांचं दुपारचं जेवण, मुलांचे दिवसभराचे ज्यूस-आइस्क्रीम आणि चारदा चहा होतो का. बीचवरच्या हॉटेलात सगळं महागच असतं त्यामुळे दारूला हात न लावताही पुष्कळदा हिशोब जवळ येतो, आणि नाही आला तर हाफ बोर्ड घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त एका खोलीतल्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो बहुतेक ठिकाणी, आईबाबांना साधा आणि नवऱ्याला भारी असं एका खोलीत चालत नाही.

पण हिशोबात न बसणारी एक गोष्ट आहे आणि मी स्वतः त्याच्यावरूनच ठरवेन. बाबांना तू हॉटेलात मेन्यूकार्ड हातात धरलेलं बघितलं असशील ना, त्या पिढीची माणसं आधी उजवीकडची किंमत बघतात आणि मग डावीकडचं नाव. परदेशात तर प्रत्येक आकडा रुपयात करून बघणार आणि मग म्हणणार मला भूक नाहीये, तुम्ही घ्या. एका ग्लास ज्यूससाठी पाच दिवस आग्रह करत बसावं लागेल तुला. ऑल इन्क्लुझिव्हमध्ये किंमत समोरच येत नाही त्यामुळे ती माणसं मोकळेपणाने खातात. ही कल्पना मुळात निघाली तीच अशी. 1950 मध्ये क्लब मेड या सुट्ट्यांच्या कंपनीने स्पेनच्या माजोर्का बेटावर पहिला कॅम्प लावला, तंबूंचा, जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या वॉटर पोलो खेळणाऱ्या बेल्जियन माणसाने, आणि पुढे त्यांच्या रिसॉर्टमध्ये लोक पाकीट खोलीत ठेवून गळ्यात मण्यांची माळ घालून फिरायचे, बारमध्ये काही घेतलं की त्यातले मणी तोडून द्यायचे. सुट्टीत पैसे डोळ्यासमोर नकोत एवढाच त्यातला विचार. आता मण्यांऐवजी मनगटाला पट्टी बांधतात, ती चेकआउटपर्यंत काढायची नसते, आंघोळीला पण तशीच, आईंना हे आधी सांगून ठेव नाहीतर दवाखान्यात भरती केल्यासारखं वाटेल त्यांना.

म्हणून माझं मत ऑल इन्क्लुझिव्हकडे, पण "सगळं" या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बहुतेक ठिकाणी कायाक, पॅडल बोट, स्नॉर्कलिंगचा मास्क हे फुकट असतं आणि इंजिन लागलेलं काही असेल तर पैसे, म्हणजे पॅरासेलिंग वगैरे, आणि स्कूबालाही. स्पा वेगळा, लॉन्ड्री वेगळी. मेन बुफे सोडून जी छोटी छोटी रेस्टॉरंट असतात (इटालियन, भारतीय वगैरे) त्यात अख्ख्या मुक्कामात एकदा की दोनदाच जाता येतं आणि बुकिंग पहिल्याच दिवशी करावं लागतं, दुसऱ्या दिवशी गेलं की फुल. रात्रीच्या जेवणाला पुरुषांना फुल पँट आणि बूट लागू शकतात, नवरा बर्म्युडावर गेला तर दारातूनच परत पाठवतील. एअरपोर्टवरून नेणं-आणणं पॅकेजमध्ये आहे का हे लेखी घ्या. मॉरिशसमध्ये ऑक्टोबर 2025 पासून टुरिस्ट फी सुरू झालीये, 12 वर्षांवरच्या प्रत्येकाला रात्रीमागे 3 युरो, ती पॅकेजमध्ये धरलीये का तेही विचारा. आणि चेक-इनला हॉटेलवाले कार्डवर काही रक्कम अडकवून ठेवतात, तिथे क्रेडिट कार्ड द्या, फॉरेक्स कार्ड (परकी चलन आधीच भरून नेतात ते) देऊ नका, कारण अडकलेले पैसे सुटायला दिवस लागतात आणि तोवर तुमच्या हातात खर्चायला काही राहत नाही. इथे एजंट पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स कापेल, ते पैसे बुडत नाहीत, ज्याच्या पॅनवर कापले त्याच्या रिटर्नमध्ये दाखवता येतात, पावती जपून ठेवायची फक्त.

आता आई. त्यांचं कोंडून घेणं हे जे म्हणणं आहे ना ते मला अजिबात चुकीचं वाटत नाही, आणि त्याच एका कारणासाठी मी मालदीव बाजूला ठेवेन. मालदीवमध्ये साधारण एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं, गेटच्या बाहेर गाव नाही, देऊळ नाही, बाजार नाही, बाहेर म्हणजे पाणीच. बेटावर पोचायला स्पीडबोट नाहीतर सीप्लेन, त्याचे पैसे पुष्कळदा वेगळे, आणि सीप्लेन दिवसाउजेडीच उडतं त्यामुळे संध्याकाळी पोचलात तर रात्र राजधानी मालेच्या आसपास काढावी लागते. शिवाय 2025 पासून रिसॉर्टमध्ये राहणाऱ्याला माणशी रात्रीमागे 12 डॉलर ग्रीन टॅक्स. नव्या जोडप्याला जा म्हणेन मी मालदीवला, शांतता हवी असेल त्यालाही म्हणेन. 67 वर्षांच्या माळकरी बाईला नाही.

मॉरिशसचं वेगळं आहे आणि ते आईंना सांगायचं काम तू माझ्या वतीने कर. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तिथे मराठी माणसं आहेत, पिढ्यानपिढ्यांची, इंग्रजांच्या काळात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आपल्या भागातून गेलेली, आणि त्यांच्या मुलांना आजही शाळेत मराठी शिकायची सोय आहे. राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट म्हणून जागा आहे, 1834 पासून भारतातून नेलेले मजूर जिथे जहाजातून उतरले ती. 2006 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. जवळपास पाच लाख माणसं तिथल्या पायऱ्या चढून आत गेली. बाबांना घेऊन जाच तिथे, ज्या माणसाने आयुष्यभर प्रेसमध्ये नोकरी केली त्याला कागद, शिक्के, रजिस्टर यांची किंमत कळते, आणि त्या मजुरांची नावं अजून कागदोपत्री जपलेली आहेत. आईंसाठी गंगा तलाव, डोंगरावरचं तळं आणि काठावर शंकराचं देऊळ, शिवाय 108 फुटी शंकराची मूर्ती. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लोक कावडी घेऊन चालत येतात तिथे. आपल्याला त्र्यंबकच्या फेरीची सवय, त्यांना ते लगेच आपलं वाटेल बघ.

आणि अजून एक, तिथले बीच भरतीच्या रेषेपर्यंत सगळ्यांचे असतात, हॉटेलने समोर खुर्च्या मांडल्या तरी वाळू त्यांची होत नाही, त्यामुळे चालत बाहेर पडून गावाच्या बीचवर जाता येतं, रविवारी तर तिथली कुटुंबं डबे घेऊन झाडाखाली बसलेली असतात. पाचातले दोन दिवस बाहेरचे ठेवा, सलग नाही, एक आड एक. टॅक्सी अख्ख्या दिवसाची, पैसे आधी ठरवून. हॉटेलच्या टूर डेस्कवर तीच गाडी महाग पडते. बाहेर पडलात की ढोल पुरी खा, चण्याच्या डाळीचं पुरण पण गोड नसलेलं, पातळ लाटलेलं, आईंना दाखव, हे आपल्याच पुरणपोळीचं भावंड आहे म्हणून. गातो पिमां म्हणजे डाळवडा आणि आलुदा म्हणजे आपला फालुदा. "आज दुपारचं हॉटेलातलं जेवण वाया गेलं" असं कोणी म्हटलं तर म्हणू दे.

जेवणाचं मात्र मनावर घे कारण आईंचा सगळा मूड त्याच्यावर आहे. भाऊबीज झाल्यावर निघालात तर कार्तिकी एकादशीपर्यंत मध्ये साधारण नऊ दिवस मिळतात, पाच रात्री आणि येणं-जाणं त्यात आरामात बसतं, एकादशीला आई घरी. पण तो काळ चातुर्मासातच येतो, म्हणजे त्या कांदा-लसूण पाळत असतील तर तेही आलं. पहिल्या संध्याकाळी बुफे सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जाऊन शेफला भेटायचं, या हॉटेलांमध्ये शेफ येऊन बोलतात, तो काही उपकार नाही, त्यांचं ते कामच आहे. नुसतं व्हेज म्हणू नका. मांस, मासे, अंडं, चिकनच्या पाण्यातलं सूप, फिश सॉस, ऑयस्टर सॉस यातलं काही नको असं एकेक नाव घेऊन सांगा कारण नूडल्सच्या भाजीत सुद्धा तो सॉस असतो आणि दिसायला सगळ्या भाज्याच दिसतात. आणि चिमट्याचं, एका भांड्यातला चिमटा लोक दुसऱ्या भांड्यात घालतात, म्हणून आईंचं ताट आतून वाढून आणायला सांगा, बरीच मोठी हॉटेलं करून देतात. विनंती बुकिंग करतानाच मेलवर पाठवा आणि त्याची प्रिंट बरोबर ठेवा. घरून नेताना चिवडा, राजगिऱ्याची चिक्की, खाकरे असं सीलबंद न्या आणि फॉर्ममध्ये लिहून द्या. फळं, बिया, तुळशीचं रोप वगैरे अजिबात नको, बेटाला बाहेरच्या किडीची भीती असते म्हणून तिथले लोक कडक आहेत.

अन्न वाया जाताना बघून आईंना त्रास होणार, मला पण होतो, उगाच का लपवू. मुलांना पहिल्या दिवशीच सांग की प्लेट छोटी घ्यायची, दहादा उठा पण टाकायचं नाही. एवढं पाळलं तरी आईंचं मन पुष्कळ शांत राहील.

खोल्यांचं बोलू. सहा जणांना दोन खोल्या लागतील. एजंट "ॲडजॉइनिंग" म्हणेल, तुम्हाला "कनेक्टिंग" हव्यात, पहिल्याचा अर्थ नुसत्या शेजारी शेजारी, दुसऱ्यात आतून दार असतं, रात्री बाबांना काही लागलं तर बाहेर पळावं लागत नाही. मोठं रिसॉर्ट म्हणजे खरंच मोठं असतं, खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत दहा-दहा मिनिटं चालणं, बग्गी असते पण वाट बघावी लागते, आणि दोन-तीन मजली बिल्डिंगना लिफ्ट नसते कित्येकदा. तळमजला आणि मेन रेस्टॉरंटच्या जवळ, हे लेखी मागा, समुद्र खिडकीतून थोडा कमी दिसला तरी चालेल पण गुडघे वाचू दे. बाथरूममध्ये टब नको, चालत आत जाता येईल असा शॉवर हवा, टबात पाय टाकताना म्हातारी माणसं घसरतात. जेट स्प्रे बहुतेक नसतो, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाक. आणि चहा! मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे पहाटे पाचला उठणाऱ्या आई तिथे साडेतीनला उठून बसणार आणि ब्रेकफास्ट उघडायला अजून तीन तास. खोलीत किटली आहे ना विचार, घरची चहा पावडर न्या, आणि आईबाबांना गॅलरीत बसून अंधारात समुद्र ऐकू दे, तू झोप.

समुद्राचं दोन शब्दांत सांगून चालणार नाही कारण आपण नाशिकची माणसं, पाणी म्हणजे गोदावरी नाहीतर स्विमिंग टँक. मॉरिशसभोवती बऱ्याच भागात प्रवाळाची कड आहे, लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी शांत, उथळ राहतं, मुलांना छान. पण त्या कडेत जिथे खिंड असते तिथून पाणी जोरात बाहेर ओढतं, आणि दक्षिणेला ग्रिग्रीसारख्या ठिकाणी कडच नाहीये, तिथे नुसतं बघायचं, उतरायचं नाही. पाण्यात रबराचे बूट घालूनच जायचं सगळ्यांनी, खाली समुद्री साळिंदरांचे काटे असतात आणि स्टोनफिश म्हणून दगडासारखाच दिसणारा विषारी मासा असतो. स्विमिंग पूलवर लाइफगार्ड दिसला म्हणून बिनधास्त होऊ नका, पाच वर्षांच्या मुलाजवळ कायम एक मोठं माणूस हातभर अंतरावर, आणि ते माणूस कोण हे वेळेप्रमाणे ठरवून, "कोणीतरी बघतंय" म्हणजे कोणीच बघत नसतं. कॉटनचे कपडे घालून पूलमध्ये उतरू देत नाहीत, नायलॉनचे अंगभर मिळतात ते घे, उन्हापासून पण वाचतं. ऊन जपा हां. गंमत बघ, नाशिक विषुववृत्ताच्या वर 20 अंशावर आणि मॉरिशस खाली साधारण तेवढ्याच अंशावर, म्हणजे आपल्याकडे थंडी पडायला लागते तेव्हा तिथे उन्हाळा सुरू होतो आणि नोव्हेंबरात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. वारा गार लागतो म्हणून कळत नाही आणि संध्याकाळी खांदे लाल. अकरा ते तीन सावलीत. वादळांचा सीझन नोव्हेंबरपासून धरतात पण जोर जानेवारी ते मार्चमध्ये, तुमच्या तारखा बऱ्या आहेत.

प्रवासाचं पटकन. आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि त्यांचा ऑनलाइन फॉर्म लागतो. मुंबईहून सहा तासांच्या आसपास. नाशिकहून एअरपोर्टला ट्रॅफिक धरून पाच तास ठेवा, समृद्धी पूर्ण झाल्यापासून घाटाचा ताप कमी झालाय तरी मुंबईत शिरल्यावर काही सांगता येत नाही. बाबांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह. झोपेच्या किंवा जोरदार दुखण्याच्या गोळ्या असतील तर आधी परवानगी लागते का बघा, तिथे त्याबाबत फार कडक आहे. दोघांचा विमा काढताना बीपी-शुगर जे असेल ते खरं लिहा. आणि विमान सकाळी उतरत असेल तर खोली दुपारी दोन-तीनला मिळते हे धरून चाला. आम्ही सकाळी आठला पोचलो होतो आणि आई लॉबीच्या सोफ्यावर सहा तास, मुलांचे पोहायचे कपडे बंद बॅगेच्या तळाशी, सगळे चिडलेले. एक छोटी बॅग वेगळी भरा, पोहायचे कपडे, गोळ्या, आईंचं एक लुगडं, आणि लवकर खोली देता का हे आधी विचारा, थोडे पैसे लागले तरी आईबाबांच्या खोलीपुरते द्या.

अजून एक नाजूक गोष्ट. आईबाबांना बरोबर नेतो तेव्हा नकळत मुलं त्यांच्यावर टाकली जातात, तुम्ही दोघं जा, आम्ही बसतो ह्यांच्याजवळ, असं ते म्हणतात पण आणि आपण जातो पण. 45 वर्षं झालीत त्यांच्या लग्नाला. एक संध्याकाळ त्या दोघांची, टेबल दोघांचंच, मुलं तुमच्याकडे. किड्स क्लब असतोच, साधारण चार ते अकरा-बारा वयाचा, पोरीचं वय काठावर आहे म्हणून तिला घेतील का आधी विचारा. नाहीच घेतलं तर तिला कायाक शिकवायला नवऱ्याला पाठव.

आता तुझ्याविषयी. हे जाण्याआधी, घरात बसून, सगळ्यांसमोर बोल. सकाळचा ब्रेकफास्ट मुलांच्या प्लेटसकट नवऱ्याकडे. पाण्याजवळची पाळी दुपारपर्यंत तो, नंतर तू. रात्री मुलांना कुठे बसवायचं, काय वाढायचं हे मुलगी आणि बाबा मिळून बघतील, बाबांना असं काम दिलं की आवडतं. आईंच्या शेफचं मी सांगितलं खरं, पण ते बोलायला पण नवऱ्यानेच जायचं, त्याची आई आहे, आणि फिश सॉस हा शब्द त्याला पण येतो. तुझ्याकडे काय? तुझ्याकडे एक खुर्ची. पहिल्या दिवशी तुला चुकल्यासारखं होईल, कोणी उठलं की तू पण उठशील, उठू नकोस. मुलगा दोन दिवस नुसते फ्राइज आणि आइस्क्रीम खाईल तर खाऊ दे, पाच दिवसांत काही होत नाही, नाशिकला आल्यावर वरण-भात आहेच.

आणि एजंट रोज तुला फोन करतोय असं लिहिलंस. वर जे जे विचारायला सांगितलंय, दोन्ही रेट, कनेक्टिंग खोल्या, तळमजला, शॉवर, शेफला मेल, लवकर खोली, ते सगळं आज रात्री जेवण झाल्यावर नवऱ्याला वाचून दाखव आणि त्याचा नंबर एजंटला दे. उद्यापासून फोन त्याला.